पेटी रिकामी, चिठ्ठी डब्यात

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कंपनी सेक्रेटरी आहे. म्हणजे बोर्डाची मिनिट्स, आरओसीचे म्हणजे कंपनी निबंधकांचे फॉर्म आणि ज्या कामाला दुसरं कुणी धनी नाही ते सगळं. कम्प्लायन्स त्यातच आलं.

बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर गेलं की २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणं 'व्हिजिल मेकॅनिझम' ठेवावं लागतं. गैरप्रकार दिसला तर माणसानं न भिता सांगायचं कुठं, त्याची सोय. आमच्यासारख्या ऑडिट कमिटी नसलेल्या कंपनीत त्यासाठी एक संचालक नेमतात. आम्ही नेमले मालकांचे धाकटे बंधू. तक्रार त्यांच्याबद्दलच असली तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पेटी लावली सिक्युरिटी केबिनशेजारी, बरोबर कॅमेऱ्याखाली. दोन वर्षांत तिच्यातून निघालं काय, तर आमटी पातळ असते अशी एक चिठ्ठी आणि गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. ट्रेनिंगचं तर बोलूच नये. गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर इंग्रजी स्लाइड्स होत्या. एचआरच्या पोरानं एका दुपारी सत्तर जणांच्या नावानं बटणं दाबली. सगळ्यांना शंभरपैकी शंभर.

२८ मार्चला दुपारी डबा काढला तर पिशवीत चिठ्ठी. जाडसर कागद, पेन्सिलीनं एक ओळ: 'रात्रीची हीट ७ वाजवून बघा.'

हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणारं लोखंड. मला वाटलं, संध्याकाळी ७ वाजता काहीतरी बघायचंय. स्टोअरच्या मामांना सहज विचारलं, "मामा, हीट वाजवून बघतात म्हणजे काय हो?" मामा हसले. "चला फेटलिंगला, दाखवतो की." फेटलिंग म्हणजे ओतलेले नग घासून साफ करायचा विभाग.

आम्ही एसजी आयर्न ओततो, ५००/७ ग्रेड. वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियम दिलं की आतलं ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात जमतं आणि त्यामुळं बीड चिवट होतं. पण मॅग्नेशियम थांबत नाही, उडत राहतं. ट्रीटमेंट झाल्यावर दहा-बारा मिनिटांत साचे भरून झाले पाहिजेत. उशीर झाला तर ते लोखंड पिगमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायच्या लाद्यांत, ओतून द्यायचं, साच्यात नाही. मामांनी पाचव्या हीटचा ब्रॅकेट तारेला टांगला आणि हातोडीनं हलकेच मारलं. ठण्ण! देवळातल्या घंटेसारखा आवाज, कितीतरी वेळ घुमत राहिला. मग सातव्या हीटचा टांगला. थप्. एवढंच. ओल्या मडक्यावर मारल्यासारखं. मामा काही बोलले नाहीत, हातोडी जागेवर ठेवून निघून गेले. हा ब्रॅकेट ब्रेकच्या असेंब्लीत बसतो.

मी तडक लॅबमध्ये गेले. तिथं प्रत्येक हीटच्या शेवटच्या साच्यातला तुकडा कापतात. २२०, ४००, ६०० अशा चढत्या नंबरच्या पॉलिशपेपरवर घासून आरसा करतात, मग शंभर पटीनं मोठा करून फोटो काढतात. सातव्या हीटच्या सर्टिफिकेटवर नोड्युलॅरिटी, म्हणजे गोळ्यांच्या रूपातल्या ग्रॅफाइटचं प्रमाण, ९० टक्के होती, फोटोही झकास. फक्त उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पॉलिशचा एक तिरका ओरखडा राहिला होता. पाचव्या हीटचा फोटो उघडला. तोच ओरखडा, त्याच कोपऱ्यात. लॅबचा पोरगा डिप्लोमावाला, चोवीस-पंचवीसचा. तो खाली बघत उभा राहिला.

वर्क्स मॅनेजर धावत आले. "मॅडम, मार्च एंड आहे, गाडी गेटवर उभी आहे. तुमचं कागदाचं काम तुम्ही करा की." मी गेटपासवर सही करणार नाही म्हणाले. मालक खाली आले, समोर दोन ब्रॅकेट कापून बघितले. ड्रॉइंगवर किमान ८५ मागितलेत, भरले साठच्या आसपास. मालकांनी पाच मिनिटंही घेतली नाहीत. "फोडा सगळे. भट्टीत टाका." बासष्ट नग फुटताना मी तिथंच उभी होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी छाती फुगली होती.

चूक काय केली ते आठवड्यानं कळलं. लॅबमध्ये चार माणसांसमोर मी मोठ्यानं म्हणाले होते, "सातव्या हीटचा फोटो काढा." रात्रीत नऊ हीट झालेल्या. मॅडमना सातवीच कशी सुचली? सीएकडं आर्टिकलशिप करणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यात कळतं, एक व्हाउचर बघायचं असलं तर वीस मागवायची. मी आठवड्याच्या सगळ्या हीट मागायला हव्या होत्या.

त्या रात्री क्रेन अडकली होती आणि लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, अठरा मिनिटं लटकून राहिलं होतं. ते ठाऊक होतं ओतकामाच्या चौघांना. त्यातला एक ठेकेदाराचा माणूस, 'हे पिगला ओता' म्हणून सुपरवायझरशी भांडलेला. सगळ्यांचं बोट त्याच्यावर गेलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठेकेदारानं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. रजिस्टरला शेरा: स्वतःहून सोडले.

मी पॉलिसी घेऊन मालकांकडं गेले. तक्रार करणाऱ्याला त्रास होता कामा नये, असं त्यात ठळक छापलंय. मालक शांतपणे म्हणाले, "तो आपला कुठाय? ठेकेदाराचा." पॉलिसीत संरक्षण 'संचालक आणि कर्मचारी' यांना आहे. कायद्यातले शब्द मीच तसेच उचलून ठेवले होते. आमच्या ओतकामावर निम्मी माणसं ठेकेदाराची आहेत, हे मसुदा करताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

लॅबच्या पोराला वॉर्निंग लेटर गेलं, माझ्या सहीनं. 'गाडी थांबायला नको' असं त्याला कुणी सांगितलं, हे त्या पत्रात नाही. वर्क्स मॅनेजरांच्या इन्क्रिमेंटचं पत्रही मीच काढलं. बोर्डापुढं ठेवायच्या कागदावर लिहिलं: आलेल्या तक्रारी १, निकाली १, प्रलंबित ०.

जूनमध्ये फाइल लावताना चिठ्ठीला पंच मारायला गेले आणि बोटाला मागची बाजू खरखरीत लागली. उलटी केली. वापरून गुळगुळीत होत आलेला काळा पॉलिशपेपर. लिहिलेल्या बाजूच्या कोपऱ्यात, पेन्सिलीच्या ओळीखाली पुसट छापलेलं: ४००. ओतकामावर हा कागद लागत नाही. फेटलिंगला ग्राइंडर असतो.

तो पोरगा रोज सकाळी गेटवर भेटतो, "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतो. मी अजून त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर पुन्हा तेच होईल. ओतकामावरच्या त्या माणसाचा नंबर मात्र ठेकेदाराकडून मागून घेतलाय. दोनदा लावला, रिंग जायच्या आत कट केला.