शिवथरघळ आणि माझ्या दोन वह्या

दासबोध हातानं लिहून काढायचं मनात आलं ते शिवथरघळीत, आषाढातल्या एका दुपारी. वरंधा घाट बंद होता, म्हणून मी पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, महाड असा वळसा घेऊन गेले होते. बिरवाडी मागे पडली की रस्ता डोंगरांच्या पोटात शिरतो. घळ, म्हणजे धबधब्यालगतची गुहा, दिसण्याआधी ऐकू येते. त्या पाण्याला समर्थ रामदासांनी ‘धबाबा’ म्हटलंय, आणि तिथं उभं राहिलं की दुसरा शब्द सुचतच नाही. आत दगडाच्या छताखाली समर्थ सांगताहेत आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी लिहून घेताहेत, अशा मूर्ती आहेत. लोक समर्थांपुढे डोकं टेकवत होते. माझी नजर कल्याणस्वामींच्या लेखणीवर खिळली ती हलेना.

समर्थांनी या जागेला सुंदरमठ म्हटलं होतं. पुढे ती लोकांच्या विस्मरणात गेली आणि १९३० साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी शोधून काढली. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत मात्र परांड्याजवळच्या डोमगावच्या मठात जपलेली होती. जागा विसरली गेली तरी अक्षर टिकलं, हे मला फार मोठं वाटतं.

दासबोधाचे २० दशक (भाग), २०० समास (प्रकरणं), ७७५१ ओव्या. रोज २० ओव्या धरल्या तर वर्ष संपून वर तीन आठवडे. मी दोनशे पानी दोन लाँगबुकं आणली आणि एका ओळीत एक ओवी बसेल असं बारीक अक्षर ठरवलं. दोन वह्यांत सगळा ग्रंथ मावला पाहिजे, हा हट्ट होता. पहाटे साडेचारला दिवा लावून बसायचं, आधी समास मोठ्यानं वाचायचा, मग लिहायचं. शेजारच्या खोलीत आई जागी असायची. तिला ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवायचे. बाबा होते तोवर दर माघात घरी पारायण व्हायचं, त्यामुळे निम्म्या ओव्या तिच्या तोंडी.

पहिला फटका दुसऱ्या दशकातच बसला. मूर्खलक्षणांत ओवीमागून ओवी ‘तो येक मूर्ख’ अशी संपते. पोथीतून वहीकडे आणि वहीतून पोथीकडे जाताना नजर खालच्या ‘मूर्ख’वर उतरते आणि मधली ओवी गळते. समास संपल्यावर आकडे जुळवले तर तीन ओव्या कमी. पान फाडलं, पुन्हा लिहिलं. तेव्हापासून दर दहा ओव्यांनी थांबून मोजायची सवय लावून घेतली. कोणी हे काम हाती घेणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच राहील.

मधे आईचं आजारपण आलं, दोन महिने वही उघडली नाही. पुन्हा बसले तेव्हा बोटं आखडली होती. सहाव्या दशकात समर्थ कलियुगाची ४७६० वर्षं झाल्याचं सांगतात. मी बाजूच्या कागदावर हिशेब मांडला, १६५९च्या आसपासचा काळ निघाला. ज्या वर्षी अफझलखान प्रतापगडाखाली आला, त्याच सुमाराला ही ओळ कागदावर उतरत होती. त्या दिवशी वीसच्या जागी चाळीस ओव्या झाल्या.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा. इतकी वर्षं ऐकला होता, पण हातात पेन घेऊन तो पहिल्यांदाच माझ्यासमोर आला. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. शाई काळी कुळकुळीत. पानाच्या कडेनं जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षर जाणार नाही. बोरू, कागद, शाई, काहीही त्यांनी सोडलेलं नाही. आणि मग ही ओवी:

‘बहु बारिक तरुणपणीं । कामा नये म्हातारपणीं ।’

मी वही उचलली आणि आईकडे गेले. तिनं चष्मा लावला, वही लांब धरली, जवळ धरली, ट्यूबखाली नेली. “अगं, मुंग्यांची रांग दिसतेय नुसती,” म्हणाली. वर्षभर मी तिला वाचून दाखवत होते. तिला स्वतःला वाचायचं असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. बाबांची पोथीही तिला आता दिसत नव्हती, आणि तिनं ते बोलून दाखवलं नव्हतं.

उरलेली पानं कशीबशी पूर्ण केली. माघ शुद्ध नवमीला, दासबोध जयंतीला, दोन्ही वह्या घेऊन घळीत गेले. पाणी उतरलं होतं, कड्यावरून बारीक धार तेवढी. आषाढात ज्या जागी स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तिथं आता पान उलटल्याचाही आवाज येत होता. वह्या कल्याणस्वामींपुढे ठेवल्या, थोडा वेळ बसले. तिथं बसून एकच गोष्ट पक्की झाली: या वह्या माझ्या, आता आईसाठी लिहायचं.

दुसरी प्रत त्याच आठवड्यात सुरू केली. जाड निबेचं पेन, एक ओवी दोन ओळींत, ओवीनंतर एक ओळ मोकळी, चारी बाजूंनी बोटभर जागा. आता पाचवी वही चालू आहे. लिहून झालेलं पान आई दुपारी उन्हात बसून वाचते, बोट ओवीखालून फिरवत, मोठ्यानं.

परवा ती वाचता वाचता थांबली. बोट तसंच ठेवून मला हाक मारली. “इथं एक ओवी राहिली बघ.” मी पोथी काढून पाहिली. राहिलीच होती. कडेला सोडलेल्या जागेत ती लिहून घेतली.