तीन सेकंद

आज सकाळी रॉकेट उडवलं! बोटांना अजून जळलेल्या बंदुकीच्या दारूचा वास येतोय आणि हात धुवावेसेच वाटत नाहीयेत.

किट तसं छोटंसंच, पुठ्ठ्याची ट्यूब, प्लास्टिकचा नोज कोन, बाल्सा या हलक्या लाकडाचे तीन फिन, म्हणजे शेपटीचे पंख. पण फिन चिकटवण्यातच तीन संध्याकाळी गेल्या, कारण एकाचा गोंद पूर्ण सुकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवलेलं. बाल्साच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, मी पहिला फिन उलट कापला आणि बोटांनी जरासा वाकवला तर कट्कन मोडला. बरं झालं हातातच मोडला, वर गेल्यावर मोडला असता तर रॉकेट कुठेही वळलं असतं.

मग दोऱ्याची टेस्ट. मोटर (दारू भरलेली नळी), वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून मधे घालायचा न पेटणारा कागद), पॅराशूट सगळं आत भरायचं, रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गोल फिरवायचं. नाक पुढे धरून फिरलं तर उडतानाही सरळ जाणार. माझं आडवंच फिरत होतं, म्हणजे तोलाची जागा खूप मागे. ती हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा (जिथे हवेचा सगळा दाब एकवटतो) निदान ट्यूबच्या एका व्यासाइतकी पुढे हवी. नाकात थोडी क्ले भरली, परत फिरवलं, परत भरली, चौथ्यांदा नाक पुढे आलं तेव्हा खरंच ओरडले मी.

मोटर ए८-३. ए म्हणजे एकूण जोर जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटनचा रेटा, आणि ३ म्हणजे दारू जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद.

पाच मीटर लांब उभी राहून बटण दाबलं. काहीच नाही. सेफ्टी की काढली, पूर्ण एक मिनिट थांबले, मगच जवळ गेले, तर इग्नायटरचं, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या तारेचं, टोक दारूला टेकलेलंच नव्हतं. नीट बसवलं, मागे आले, मोजलं, दाबलं.

फुस्स! आणि रॉकेट उभं करायचा रॉड रिकामा. जोर एका सेकंदाच्या आतच संपतो, पुढे रॉकेट नुसतं आधीच्या वेगावर वर चढत राहतं आणि मागे धुराची बारीक रेघ, ती मोटरमध्ये दारूनंतर तीन सेकंद सावकाश जळणाऱ्या थराची. एक... दोन... श्वास अडकलेला, कारण आता काहीही करणं माझ्या हातात नव्हतं, पॅराशूटची घडी, त्यावर टाकलेली टाल्कम पावडर, नाक आणि ट्यूब जोडणाऱ्या शॉक कॉर्डची गाठ, सगळं काल रात्रीच करून झालेलं. तीन. बारीकसा पट् आवाज आला आणि केशरी ठिपका उघडला.

वाऱ्याने बरंच लांब नेलं, धावत गेले. एका फिनचा कोपरा उखडलाय, बाकी सगळं शाबूत.

कोपऱ्याला गोंद लावलाय. सकाळपर्यंत हात लावायचा नाही.