‘काळजी करू नकोस’ हा पर्याय चुकीचा

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट म्हणतो, "सिस्टर, मला उद्याची फार भीती वाटतेय." तुम्ही काय म्हणाल? एक, "काळजी करू नका, आपले सर्जन खूप अनुभवी आहेत." दोन, "असा विचारच मनात आणू नका." तीन, "थांबा, डॉक्टरांना बोलावते." चार, "नेमकी कशाची भीती वाटतेय?"

एनक्लेक्सचा, म्हणजे अमेरिकेच्या नर्सिंग परीक्षेचा, अभ्यास केलेल्या कुठल्याही नर्सला झोपेतून उठवून विचारा, ती चौथाच पर्याय सांगेल. अशा धर्तीचे सरावप्रश्न मी इतके सोडवले की ‘काळजी करू नका’ दिसलं की ते वाक्य पूर्ण न वाचताच मी काट मारायचे. खोटा दिलासा, पेशंटचं बोलणं तिथेच तुटतं, म्हणून चूक.

वॉर्डात मात्र हे वाक्य आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आणि म्हणत राहणार. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला "नेमकी कशाची भीती वाटतेय?" असं विचारायला गेलात तर ती तुमच्याकडे बघतच राहील. तिला तुमचा हात खांद्यावर हवा असतो आणि तोंडातून काहीतरी बरं निघायला हवं असतं. तेव्हा अमेरिकेची परीक्षा आपल्याला सगळं शिकवते असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण त्या परीक्षेच्या आधीचे काही महिने आणि नंतरचे ते दोन दिवस हेच वाक्य जेव्हा सगळीकडून माझ्याच अंगावर यायला लागलं, तेव्हा त्याला चूक का म्हणतात ते कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनक्लेक्स-आरएन ही अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून लायसन्स मिळवण्याची परीक्षा. कॅनडाने ती २०१५ पासून घेतली, आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच नर्सना २०२० पासून तीच द्यावी लागते. माझ्या नवऱ्याला त्याची कंपनी न्यू जर्सीला पाठवणार होती. त्याच्या व्हिसावर मला तिथे काम करता येणार होतं, पण लायसन्सशिवाय कोण उभं करतंय? नुसतं नर्स म्हणून नोकरीच्या कोट्यातून ग्रीन कार्डची वाट धरली असती तर भारतीयांची ती रांग दहा वर्षांहून लांब आहे. म्हणून पुण्यातल्या आयसीयूतली ड्युटी सांभाळून मी परीक्षेला बसायचं ठरवलं. बीएस्सी नर्सिंग होऊन बरीच वर्षं झाली होती.

अभ्यासाचं रडगाणं गात नाही. एकच सांगते. आपल्याकडे एका सिस्टरने कितीही पेशंट सांभाळायचे आणि सगळी कामं स्वतःच करायची, ही सवय. तिथे पुष्कळ प्रश्न ‘आधी कोणाकडे जाल’ आणि ‘हे काम कोणाला सोपवाल’ यावर. एलपीएन म्हणजे आपल्यापेक्षा एक पायरी खालची लायसन्सवाली नर्स. तिला कोणता पेशंट द्यायचा आणि कोणता द्यायचा नाही हे ठरवताना मी सुरुवातीला वैतागून जायचे. माझ्या वॉर्डात मी आणि आमच्या मावशी, बस्स. कोणाला सोपवू?

झोप उडाली ती परीक्षेची तारीख घेतल्यावर. पहाटे तीनला डोळे उघडायचे, छातीत धडधड, तोंड कोरडं, पोटात ॲसिडिटी. पडल्या पडल्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचे, ती शंभरच्या वर. ईसीजी करून घेतला, नॉर्मल आला. नॉर्मल आल्याचा आनंद दीड दिवस टिकला.

घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं. आई, "तू लहानपणापासून हुशार आहेस, होशील पास." आत्या, "अगं, आयसीयूतली सिस्टर तू, तुला काय अवघड?" नवरा, "टेन्शन घेऊ नको." सगळे मायेनेच बोलत होते. पण प्रत्येक वेळी फोन ठेवला की माझ्या डोक्यावर आणखी एक वजन चढायचं. आता हुशार ठरलेली मी नापास झाले तर?

माझ्याशी बरोबर बोलल्या त्या एकट्या आमच्या वॉर्डातल्या मावशी. नाइटला पहाटेच्या सुमाराला त्या गॉजचे तुकडे घड्या घालत बसल्या होत्या आणि मी मोबाइलवर प्रश्न सोडवत होते.

"सिस्टर, सारखं काय वाचताय? परीक्षा हाय का?"

"हो मावशी. अमेरिकेची."

"नापास झाला तर नोकरी जाती का हितली?"

"नाही."

"पैसं जातेत?"

"जातात की. साडेतीनशे डॉलर. तीस हजार धरा."

गॉजची घडी थांबली. तीस हजार हा आकडा त्यांनी नीट मनात घेतला. मग, "परत बसता येतंय का?"

"येतं. पंचेचाळीस दिवसांनी."

"मग घरचे बोलतील?"

तिथे मी अडकले. घरचे काही बोलणार नव्हते. पण आईने इस्लामपुरात आख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की पोरगी अमेरिकेला चालली. माझी धडधड अभ्यासातल्या पोटॅशियम आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधापायी नव्हती, ती गल्लीपायी होती. मावशींनी पुढे सल्ला वगैरे काही दिला नाही. सात नंबरच्या पेशंटचा युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, भरला होता, त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर ‘नापास झाले तर’ असं लिहून खाली यादी केली. पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा बसता येतं. दोनशे डॉलर फी, शिवाय भारतातून बसायचे दीडशे डॉलर आणि वर कर. नापास होणाऱ्याला कुठल्या विषयात कमी पडलात याचा रिपोर्ट मिळतो, त्यावरून अभ्यास करता येईल. नवरा पुढे जाईल, मी मागून जाईन. नोकरी आहे तशीच राहील. कागद अर्धाही भरला नाही. डोक्यात मात्र तोच मजकूर रोज पहाटे तीनला रामायणाएवढा व्हायचा.

मग आईला फोन करून स्पष्ट सांगितलं, "मी नापास होऊ शकते. तारीख मी कुणाला सांगणार नाही, तूही विचारू नकोस." आई दोन मिनिटं गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. भाजीला काय केलंस आज?" त्या एका फोनने जेवढं हलकं वाटलं तेवढं त्या आधीच्या सगळ्या प्राणायामांनी वाटलं नव्हतं. प्राणायामाची चेष्टा नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडताना जास्त वेळ घेतला की नाडी खाली येते, ते मी मनगटावर मोजून पाहिलंय. पण श्वास गल्लीपर्यंत पोचत नाही.

मुंबईत सेंटर होतं. आत्या डोंबिवलीला राहते, तरी तिच्याकडे न जाता सेंटरपासून चालत जाता येईल अशा एका साध्या लॉजवर राहिले. हे तिला नंतर कळलं तेव्हा तिने फणफण केली, पण त्या रात्री मला पुरणपोळी आणि दिलासा दोन्ही झेपले नसते. सराव परीक्षाही मी शेवटी शेवटी सकाळी त्याच वेळेला द्यायचे आणि चहा एकच कप घ्यायचे. पाच तासांच्या परीक्षेत मधला ब्रेक घेता येतो, पण घड्याळ थांबत नाही. म्हणून पाणीही बेताने.

आत जाताना पासपोर्ट बघतात, खिसे उलटे करायला लावतात, केस कानामागे घ्यायला सांगतात, चष्मा काढून त्याच्या काड्या तपासतात. मग तळहात एका छोट्या मशीनवर ठेवायचा, ते हाताच्या शिरा वाचतं. माझा हात बर्फासारखा गार आणि घामाने ओला. मशीन वाचेचना. तिसऱ्यांदा तिथल्या मुलीने टिश्यू पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, रिलॅक्स." रोज कॅन्युला म्हणजे सलाइनची नळी घालण्यासाठी लोकांच्या हातांना कोमट पाण्याने शेकणारी मी, तिथे स्वतःचे तळवे एकमेकांवर घासत उभी होते.

पेपरात काय होतं ते सांगता येत नाही, तशी अट मान्य करूनच बसावं लागतं. पण तो चालतो कसा ते सांगते, कारण नंतरच्या काळजीचं मूळ त्यातच आहे. बरोबर उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न अवघड, चुकलात की सोपा. तुमच्या कुवतीच्या आसपास फिरत राहतं ते कॉम्प्युटर. तुम्हाला साधारण निम्मे जमतील असेच प्रश्न ते शोधून काढतं, त्यामुळे चांगल्या तयारीच्या माणसालाही सारखं आपण चुकतोय असंच वाटतं. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. त्यातले १५ नुसते चाचणीसाठी, मार्कांत धरत नाहीत, आणि ते कोणते हे कळत नाही. तुम्ही पासाच्या रेषेच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की स्क्रीन बंद. त्यामुळे ८५ ला बंद पडलं तर माणूस अतिशय चांगला पास झालेला असू शकतो किंवा अतिशय वाईट नापास.

माझं ८५ ला थांबलं नाही. शंभरी ओलांडली तेव्हा शेजारचा मुलगा, जो बहुतेक दुसरीच कुठली परीक्षा देत होता, कीबोर्ड बडवत होता. मला आठवतं, मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि समोरच्या प्रश्नातला पेशंट खरा असता तर आधी काय बघितलं असतं एवढंच स्वतःला विचारलं. पुढे बऱ्याच प्रश्नांनंतर, दीडशेच्या अलीकडे, स्क्रीन बंद झाली.

लोक परीक्षेच्या आधीच्या भीतीबद्दल पुष्कळ बोलतात. नंतरची जास्त वाईट असते. आधी निदान अभ्यास करता येतो. पुण्याच्या गाडीत बसले आणि कर्जतपर्यंत मला चुकलेली अकरा-बारा उत्तरं आठवली. बरोबर आलेलं एकही नाही. ते साहजिक आहे, ज्याची खात्री होती ते हातावेगळं होतं, डोक्यात राहतो तो अडलेला प्रश्न. हे मला गाडीत बसूनही माहीत होतं आणि तरी घाट चढेपर्यंत मी मनात तीन वेळा नापास झाले.

त्यात तो ‘ट्रिक’चा प्रकार. परीक्षा झाली की साइटवर पुन्हा त्याच परीक्षेची नोंदणी करायला जायचं. ‘तुम्ही नुकतीच ही परीक्षा दिली आहे’ अशा अर्थाचा संदेश आला की पास, कार्डवरून पैसे घेतले की नापास, अशी समजूत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लोक मुदत संपलेलं कार्ड वापरून कसं करायचं ते शिकवतात. परीक्षा घेणारी संस्था सांगते की यावर विसंबू नका. माझ्या दिराने लॅपटॉप उघडूनच ठेवला होता, "वहिनी, पाच मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. मनाविरुद्ध संदेश आला तर रडायचं, मनासारखा आला तरी ‘तो खरा की खोटा’ म्हणून पुन्हा ग्रुपवर विचारत बसायचं. मी ग्रुपच म्यूट केला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी घेतली. आयसीयूत दर तासाला बीपी, युरिन, पंपचा रेट लिहावा लागतो, म्हणजे मनाला भटकायला एका वेळी जास्तीत जास्त एक तास मिळतो. पण झोप झाली नव्हती, म्हणून इन्चार्ज सिस्टरना सांगून इनोट्रोप, म्हणजे हृदयाला जोर देणारं औषध, चालू असलेला पेशंट घेतला नाही. हे जरूर करा. आपल्या परीक्षेची किंमत तिसऱ्याने का मोजायची?

आणि धडधड आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर ते टेन्शन म्हणून अंगावर काढू नका. आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत बसायला नर्सना लाज वाटते, मला कळतं. बाहेर दाखवा. टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, फोन केव्हाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. माझी एक मैत्रीण औषध घेऊन परीक्षेला बसली, पास झाली, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बंदही झालं.

दोन कामाच्या दिवसांनंतर ७.९५ डॉलर भरले की अनधिकृत निकाल बघता येतो. शुक्रवारी रात्री तो पर्याय दिसायला लागला आणि कार्डच चालेना. परीक्षेची फी भरून झाल्यावर नवऱ्याने शहाणपणाने परदेशी व्यवहार बंद करून ठेवले होते. बँकेच्या ॲपमध्ये ते बटण शोधायला त्याला जो वेळ लागला, त्यात मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पास.

आईने गल्लीत सांगितलंच. आत्या म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? उगाच लॉजवर पैसे घातलेस." मी म्हटलं, "हो गं." वॉर्डात मावशींना पेढा दिला, तर त्यांनी तो पदराला बांधून ठेवला, नातवासाठी, आणि विचारलं, "म्हंजे आता लगेच जाणार?" अजून इंग्रजीची परीक्षा बाकी आहे, कागदपत्रांची पडताळणी आहे, चार-सहा महिने तरी सहज, असं सांगितलं. "मग हरकत नाही," मावशी म्हणाल्या, "दिवाळीच्या नाइट तरी तुमच्याच हायेत."