पेरूवरच्या बुरशीचं लेबल अखेर बदललं

पाऊस उघडला तशी परत मायक्रोस्कोप काढून बसलेय. मखमलाबादला मावशीच्या मळ्यातले पेरू आणलेत, सालीवर खरबरीत तपकिरी खवले आलेले, ती म्हणते फळाला देवी आल्यात. सालीचा तुकडा डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवला, तिसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके वर आले, सुईने खरवडून स्लाइड केली आणि बघतच राहिले. एकेक बीजाणू म्हणजे पाच खोल्यांची, म्हणजे पाच पेशींची चाळ, दोन्ही टोकांच्या खोल्या बिनरंगाच्या, मधल्या तीन रंगीत, वर तीन मिशा नि खाली एक बारीक शेपटी!

आजवर असं काही दिसलं की मी नमुन्याच्या पाकिटावर सरळ पेस्टालोटिऑप्सिस, म्हणजे बुरशीच्या एका प्रजातीगटाचं (जीनसचं) नाव, लिहून मोकळी व्हायचे. हे नाव 1949 मधलं, स्टेयार्ट या बुरशीतज्ज्ञाने पेस्टालोटिया या जुन्या मोठ्या गटाची वाटणी बीजाणूतल्या पेशी मोजून केली, सहा पेशी असल्या तर पेस्टालोटिया, पाच असल्या तर पेस्टालोटिऑप्सिस, चार असल्या तर ट्रंकॅटेला. गुबा या दुसऱ्या बुरशीतज्ज्ञाला ते पटलं नाही, 1961 च्या मोठ्या ग्रंथात त्याने सगळ्यांना परत एकाच घरात ठेवलं. मला स्टेयार्टचंच बरोबर वाटतं, पुढे लोकांनीही तेच धरलं. मग 2014 मध्ये महाराच्चिकुंबुरा आणि सहकाऱ्यांनी डीएनए बघून पाचपेशीवाल्यांचेही तीन भाग केले. मधल्या तिन्ही पेशी एकसारख्या फिक्या तपकिरी असतील तर पेस्टालोटिऑप्सिस, तिन्ही एकसारख्या गडद असतील तर स्यूडोपेस्टालोटिऑप्सिस, आणि वरच्या दोन गडद, तिसरी फिकी असं असेल तर निओपेस्टालोटिऑप्सिस.

म्हणजे सगळा खेळ रंगाचा, आणि मी गेल्या वर्षभरात प्रत्येक स्लाइडवर कॉटन ब्लू, म्हणजे बुरशी निळी दिसावी म्हणून घालतात तो रंग, ओतत होते! निळ्यात तपकिरीची छटा कुठून कळणार, त्या सगळ्या स्लाइडी या कामासाठी फुकट गेल्या, वाईट वाटलं खरं. या वेळी नुसत्या पाण्यात माउंट केलं, चाळीसच्या लेन्सखाली पन्नासेक बीजाणू एकेक करून पाहिले, तर वरच्या दोन खोल्या चहाच्या चोथ्यासारख्या काळपट आणि तिसरी पातळ चहासारखी, जवळपास सगळ्यांत. तेव्हा पेरूच्या पाकिटावर आता निओपेस्टालोटिऑप्सिस. आंब्याच्या पानावरच्या तिन्ही खोल्या मात्र एकसारख्या फिक्या निघाल्या, ते लेबल तसंच राहू दिलंय.

प्रजातीचं नाव मी लिहिणार नाही, तुम्हीही घाई करू नका. पूर्वी ज्या झाडावर सापडली त्या झाडाचं नाव बुरशीला चिकटवायचे, पण एकच बुरशी वेगवेगळ्या झाडांवर मिळते आणि एका झाडावर चार निघतात. डीएनएमध्येही नुसतं आयटीएस, म्हणजे बुरशी ओळखायला नेहमी वापरतात तो डीएनएचा तुकडा, पुरत नाही, बीटा-ट्युब्युलिन आणि टेफ ही जनुकंपण बघावी लागतात.

आता डोळा लागलाय सहा पेशीवाल्या मूळ पेस्टालोटियावर, कारण दे नोतारिसला, म्हणजे पेस्टालोटिया हे नाव देणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला, तो इटलीत द्राक्षाच्याच पानावर मिळाला होता आणि आपल्या नाशकात द्राक्षाच्या पानांना काय तोटा! दिंडोरीहून छाटणीतली पिशवीभर वाळकी पानं आणलीत, चार डबे भरलेत. आज दुसरा दिवस, अजून ठिपका नाही.