नकाशा कोरा का दिसत होता

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमारांसाठी किनाऱ्याचे नकाशे दाखवणारा प्रोग्राम मी आणि माझा मालवणचा तरुण सहकारी मिळून लिहीत होतो. मासेमारीबंदी उठण्यापूर्वी तो हाती द्यायचा होता. लिनक्स आणि विंडोजवर तो नीट चालत असे. जुलैमधल्या एका मुसळधार दुपारी सहकाऱ्याने तो आपल्या मॅकवर बिल्ड केला, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवला, तेव्हा एकही एरर आली नाही, पण नकाशाच्या जागी नुसता पांढरा चौकोन आला.

टर्मिनलवर मात्र लिबपीएनजीची, म्हणजे पीएनजी चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची), एक ओळ होती : प्रोग्राम आवृत्ती १.४.१२ धरून बांधला आहे, पण चालतो आहे १.६.३७ बरोबर. मी कंपायलरला, म्हणजे कोडचे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला, वापरलेल्या प्रत्येक हेडरचा (लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या फाइलचा) पत्ता छापायला लावला आणि ती यादी पाहताच सहकारी म्हणाला, “हो हेडर आपलो न्हय, दादा.”

बिल्डची जुळवाजुळव करणारा सीमेक हेडर आणि लायब्ररी स्वतंत्रपणे शोधतो आणि मॅकवर, वेगळे सांगितले नसल्यास, फ्रेमवर्क (लायब्ररी आणि हेडर एकत्र ठेवणारे मॅकचे फोल्डर) आधी धुंडाळतो. पूर्वी कधीतरी बसवलेल्या एका साधनाच्या फ्रेमवर्कमध्ये पीएनजीचे जुने हेडर पडून होते. ते तिथून आले आणि लायब्ररी होमब्रूमधून, म्हणजे मॅकवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातून. लिबपीएनजी हेडरमधली आवृत्ती स्वतःच्या आवृत्तीशी ताडून पाहते, म्हणून तिने चित्र वाचायला नकार दिला. बहुतेक लायब्रऱ्या एवढी चौकशी करत नाहीत. तिथे स्ट्रक्चरची (माहिती ठेवण्याच्या साच्याची) रचना बदललेली असेल तर मेमरी गुपचूप बिघडते. तो नकार निमूट गिळून पांढरा चौकोन काढणारा कोड माझाच होता, हेही इथे कबूल केले पाहिजे.

घाईत मी होमब्रूचा पत्ता बिल्ड फाइलमध्ये हाताने सर्वांत आधी घातला आणि नकाशा दिसलाही. पण ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर) होमब्रू ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये असते, तर इंटेल मॅकवर ‘/यूएसआर/लोकल’मध्ये, म्हणून ती ओळ काढून टाकली आणि फ्रेमवर्क शेवटी शोधण्याची सूचना सीमेकला दिली. चौकोन पुन्हा पांढराच! तासभर डोके खाजवल्यावर लक्षात आले की सीमेकने जुना पत्ता आपल्या कॅशमध्ये (आधीच्या शोधांच्या नोंदीत) जपून ठेवला होता आणि तो असेपर्यंत नवा शोध होणारच नव्हता. बिल्डचा अख्खा फोल्डर पुसला, तेवढ्यात वीज गेली. मॅक बॅटरीवर होता. अंधारातच बिल्ड संपला आणि पडद्यावर भाट्ये खाडीचे मुख उमटले.