त्रेबोनची कार्प मासेमारी : दहा वाजता पोचणाऱ्यांसाठी नव्हे

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया भागातील त्रेबोन या गावी आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, ते रोझम्बेर्क तलावावरचा ‘वीलोव’, म्हणजे तलाव रिता करून केली जाणारी कार्पची मासेमारी पाहण्यासाठी. मुक्कामाच्या जागी ‘सावकाश दहापर्यंत पोचा’ असे सांगण्यात आले आणि तेथेच आमची फसगत झाली. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा मोठे जाळे ओढून झालेले होते. उरली होती ती तळलेल्या माशांच्या टपऱ्यांपुढची रांग.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. गावापासून पाच-सहा किलोमीटरची चाल मुळीच अवघड नाही, मात्र पावसानंतर बांधाखालच्या शेवटच्या टप्प्यात जो चिखल होतो तो बूट ओढून घेणारा आहे. आम्हाला तेवढ्या टप्प्यालाच पाऊण तास लागला. गमबूट नसतील तर जाऊच नये.

तलावाचे पाणी आधीच हळूहळू सोडून दिलेले असल्यामुळे सारे मासे बांधालगतच्या सर्वांत खोल भागात एकवटलेले असतात. रबरी पोशाख घातलेले कोळी तेथे जाळ्याचा वेढा आवळत आणतात आणि तो पुरेसा लहान झाला की पाण्याला उकळी फुटल्यासारखे दिसते. वर्गवारीच्या टेबलावर एकाने आमच्यापुढे धरलेल्या कार्पच्या अंगावर पाठीलगत मोजकेच, नाण्याएवढे खवले होते. आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, त्याच माशाचा हा प्रकार. नाताळच्या जेवणातला असा एक खवला चेक माणसे वर्षभर पाकिटात बाळगतात, म्हणजे पैसा टिकतो. नाताळपर्यंत हे मासे स्वच्छ पाण्याच्या हौदांत ठेवतात, त्यामुळे मांसाला चिखलाचा वास राहत नाही.

याकुब क्रचीनने 1584 ते 1590 या काळात बांधलेला हा तलाव आज 489 हेक्टरांवर पसरला असून त्याचा बांध जवळपास अडीच किलोमीटर लांब आहे. 2002च्या महापुरातही तो टिकला. त्याच्याही आधी श्टेपानेक नेतोलिकीने 1520 पर्यंत पूर्ण केलेला ‘झ्लाता स्तोका’ हा कालवा पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या बळावर, या परिसरातील तलावांना अजूनही पाणी पुरवतो. म्हणूनच वारसा पाहायचा असेल तर वेळ बांधावर आणि कालव्याच्या काठी घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे जुनी गोष्ट जतन झाली आहे ती तिच्यावर धंदा चालू असल्यामुळे. गावालगतच्या ‘स्व्येत’ (Svět) नावाच्या तलावाभोवतीची फेरी सुखाची आहे, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

आता जेवणाविषयी. गावातल्या एका खाणावळीत कार्पचा दर पाहून आम्ही खूश झालो होतो, परंतु तो शंभर ग्रॅमचा होता आणि पुढ्यात आलेला तुकडा जवळजवळ पाचशे ग्रॅमचा निघाला, वर बटाट्यांचे पैसे निराळे. दर ग्रॅमवर असतो ही तेथली सर्रास रीत आहे, तरी विचारल्यावाचून कोणी ते सांगत नाही. मागणी देण्यापूर्वी मासा तराजूवर ठेवायला लावा. थकलेल्या, भुकेल्या अवस्थेत आम्हाला ते सुचले नाही.