वर्दीतला खर्रा

काल देवीच्या विसर्जनात मंडळाच्या एका पोराने बंदोबस्तावरच्या होमगार्ड दादापुढे तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला, तर तो म्हणे, "वर्दी उतरू दे ना बाप्पा, मंग खातो."

दादा आमच्याच गावचा. एरवी पऱ्हाटीत फवारणी करताना बी खिशात पुडी असतेच.

पोरं हसली, "ना पगार ना पेन्शन, कायले एवढं?" तो काहीच बोलला नाही, तलावाच्या काठावर दोरी धरून लेकरांना मागे सारत राहिला.

होमगार्ड १९४६ ला मुंबई प्रांतात सुरू झालं, ब्रीद निष्काम सेवा. बोलावलं त्या दिवसाचा भत्ता तेवढा मिळतो, पण १९४७ च्या कायद्यानं ड्युटीवर असताना पोलिसासारखे अधिकार येतात, म्हणून वागणंही तसंच लागते, हे आपल्याले कुठं माहीत, आपल्याले फक्त हातातली काठी दिसते. अन् बाहेरून आलेला पोलीस निघून जातो, याले मात्र ज्याले "मांग सरक" म्हटलं त्याच्याच बाजूले उद्या पारावर बसायचं असते.

रात्री उशिरापर्यंत उभा होता. तुमच्या गावात होमगार्डाले जेवणाचं कोणी विचारते का हो?